नेता तुरुंगात, टीम मैदानात

तुमच्या मार्कशीटवर एक नाव छापलेलं असतं. नांदेड, लातूर, परभणी किंवा हिंगोली जिल्ह्यातल्या कॉलेजात शिकत असाल, तर पहिल्या सेमिस्टरपासून ते तुमच्या सोबत आहे. आपण त्याचं आखूड रूप करून टाकलंय, स्वारातीम. परीक्षेचा फॉर्म भरताना स्वारातीम, निकाल लांबला की स्वारातीम. पूर्ण नाव फक्त १७ सप्टेंबरला ऐकू येतं. त्या दिवशी झेंडावंदन होतं, भगव्या वस्त्रांतल्या एका फोटोला हार घातला जातो, भाषणं होतात आणि आपण घरी येतो.

आता दुसरं चित्र बघा. फायनल इयरचा प्रोजेक्ट. पाच जणांचा ग्रुप. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुपचं नाव झकास, डीपी झकास, पण काम एकच जण करतो. बाकीचे चौघे त्याच्या मेसेजची वाट बघत बसतात. तो आजारी पडला किंवा लग्नाला गावाकडं गेला की सगळं ठप्प. मग सबमिशनच्या आदल्या रात्री धावपळ आणि भांडणं. खरं सांगा, हे तुमच्याही ग्रुपमध्ये झालंय ना?

या दोन चित्रांचा संबंध आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांनी आयुष्यभर जे काम केलं, ते याच दुखण्यावरचं होतं. आपण नसलो तरी काम थांबणार नाही, अशी माणसं आणि अशी टीम उभी करायची. त्यांच्या बाबतीत प्रश्न मार्कांचा नव्हता, दीड कोटीहून जास्त लोकांच्या स्वातंत्र्याचा होता. आणि नेता नसण्याचं कारण लग्न किंवा आजारपण नव्हतं, तुरुंग होतं.

व्यंकटेश नावाचा मुलगा

जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. घरची परिस्थिती बेताची. शाळा आधी गाणगापूरला, मग सोलापूरला. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक गेले, तेव्हा हा मुलगा सतरा वर्षांचाही नव्हता. त्या धक्क्यात त्यानं ठरवलं की लग्न करायचं नाही, आयुष्य देशाच्या कामाला द्यायचं. सतराव्या वर्षी असं बरेच जण ठरवतात. यानं ते शेवटपर्यंत पाळलं.

असहकाराच्या लाटेत सरकारी शाळा सुटली. पुढचं शिक्षण अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात झालं. नंतर कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे सहायक म्हणून त्यांनी काम केलं. ही नोकरी साधी समजू नका. कामगारांची संघटना कशी बांधतात, सभासद कसे टिकतात, मागण्या कशा मांडतात, हे त्यांनी तिथं जवळून बघितलं. संघटना म्हणजे नुसतं भाषण नव्हे, हे त्यांना तिथंच कळलं असणार.

हिप्परग्याची शाळा

१९२९ च्या सुमारास ते हिप्परग्याला आले. हे हिप्परगा रवा म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यात. तिथं १९२१ पासून एक राष्ट्रीय शाळा चालत होती. हैदराबाद संस्थानात त्या काळी अशी शाळा चालवणं सोपं नव्हतं. उच्च शिक्षण उर्दूतून. सभा घ्यायची तर गश्ती नंबर ५३ नावाचं फर्मान होतं, आधी परवानगी काढा. वर्तमानपत्रं जवळपास नाहीत, राजकीय पक्ष तर नाहीच. लोकांनी एकत्र यायचं तरी कुठं? उत्तर एकच होतं. शाळा, वाचनालय, गणपती.

हिप्परग्यात शिक्षक आणि मुलं एकत्र राहायची. मिळेल ते खायचं, पडेल ते काम करायचं. तिथंच १९३२ मध्ये व्यंकटेश खेडगीकरांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पण हा संन्यासी हिमालयात गेला नाही. तो शाळेतच राहिला. पुढे १९३५ मध्ये मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला गेला आणि योगेश्वरीच्या शाळेचं काम त्यानं हातात घेतलं. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांच्या सोबत होते.

या शाळांतून किती मुलं पास झाली, यापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची. पुढच्या दहा वर्षांत मराठवाड्यातल्या चळवळीत जे कार्यकर्ते दिसतात, त्यातले कितीतरी जण या आणि अशाच राष्ट्रीय शाळांतून आलेले आहेत. कुणी विद्यार्थी, कुणी शिक्षक. लढ्याची टीम लढ्याच्या दिवशी जमवता येत नाही. ती वर्गात, जेवणाच्या पंगतीत, एकत्र केलेल्या श्रमात आधीच तयार झालेली असावी लागते.

स्थापनेआधीच बंदी

१९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं आणि १९३८ मध्ये लातूरला दुसरं. हो, आपलं लातूर. तेव्हा लातूर हा जिल्हा नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्यातलं बाजारपेठेचं गाव होतं. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा तर बिदर जिल्ह्यात होते. त्याच वर्षी स्वामीजी शाळा सोडून हैदराबादला गेले आणि पूर्णवेळ चळवळीत उतरले.

हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचं ठरलं. निजाम सरकारनं काय केलं? संस्था स्थापन होण्याआधीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, तिच्यावर बंदी घातली. जन्माआधीच मृत्यूचा दाखला! मग ऑक्टोबरपासून सत्याग्रह सुरू झाला. पद्धत लक्षात घ्या. सगळे एकदम रस्त्यावर आले नाहीत. छोट्या छोट्या तुकड्या केल्या. पहिल्या तुकडीचे पुढारी गोविंदराव नानल. ती तुकडी आत गेली की दुसरी तयार. तिची अटक झाली की तिसरी. सुरुवातीच्याच एका तुकडीत स्वामीजी स्वतः गेले. म्हणजे पहिल्याच आठवड्यात मुख्य माणसं तुरुंगात, आणि तरी सत्याग्रह चालू.

त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठात तुमच्या वयाच्या मुलांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्याचा हट्ट धरला. त्यांना काढून टाकण्यात आलं. शेकडो मुलं शिक्षण अर्धवट सोडून बाहेर पडली, अनेकांना नागपूर विद्यापीठानं जवळ केलं. त्यातलाच एक तेलुगू मुलगा पुढे स्वामीजींना गुरू मानू लागला, सरहद्दीवरच्या कॅम्पात काम करू लागला आणि खूप नंतर देशाचा पंतप्रधान झाला. पी. व्ही. नरसिंह राव.

डिसेंबर १९३८ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यावरून स्टेट काँग्रेसनं सत्याग्रह थांबवला. कारण? त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभेचेही सत्याग्रह चालू होते. जबाबदार राज्यपद्धतीसाठीचा लढा धर्माच्या भांडणासारखा दिसू लागण्याचा धोका होता. भरात आलेलं काम थांबवणं कार्यकर्त्यांना किती जड गेलं असेल! पण आपण कशासाठी निघालो होतो, हे मध्येच थांबून तपासायची सवय या टीमला तेव्हा लागली.

आठ वर्षं बिननावाची

बंदी उठली ती थेट जुलै १९४६ मध्ये. मधली जवळपास आठ वर्षं संघटनेला अधिकृत नाव नाही, ऑफिस नाही, पाटी नाही. स्वामीजी १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहात तुरुंगात, १९४२ मध्ये पुन्हा तुरुंगात. तरीही १९४६ मध्ये बंदी उठल्यावर बघितलं, तर संघटना आधीपेक्षा मोठी झालेली.

हे कसं घडलं? मराठी भागात महाराष्ट्र परिषद, तेलुगू भागात आंध्र महासभा, कानडी भागात कर्नाटक परिषद. संस्थानात १६ जिल्हे होते. ८ तेलुगू, ५ मराठी, ३ कानडी. प्रत्येक भागाची भाषा वेगळी, प्रश्न वेगळे. एकाच ठिकाणाहून हुकूम सोडून हे चाललं नसतं. ज्या त्या भागानं आपल्या भाषेत आपलं काम करायचं, उद्देश मात्र एक. स्वामीजी स्वतः कानडी मुलखात जन्मलेले, मराठीत शिकलेले, मराठवाड्यात राबलेले. तिन्ही भागांना ते आपले वाटायचे.

गावपातळीवर एकेकटा कार्यकर्ता काम करायचा. हे काम किती जोखमीचं होतं, हे बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरला जाऊन बघा. २९ ऑक्टोबर १९४६ ला गोविंदराव पानसरे यांची तिथं हत्या झाली. मुक्तिसंग्रामातले पहिले हुतात्मे म्हणून त्यांचं नाव घेतात. आज तिथं त्यांच्या नावाचं कॉलेज आहे.

आणि सगळे एकमतानं नांदत होते, असंही समजू नका. स्टेट काँग्रेसमध्ये दोन गट होते. बुर्गुल रामकृष्णराव यांच्याकडचा मवाळ गट निजामाशी वाटाघाटी करत पुढं जाऊ म्हणायचा. स्वामीजी आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्याकडचा गट थेट लढ्याची भाषा बोलायचा. १९४६ मध्ये स्वामीजी अध्यक्ष झाले तेही थोडक्या मतांनी. म्हणजे जवळपास अर्धं घर विरोधात, अशा अवस्थेत त्यांनी पुढची दोन वर्षं काढली.

१५ ऑगस्टला अटक

देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, आपण झालो नाही. निजामानं हैदराबाद स्वतंत्र राहील असं जाहीर केलं होतं. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसनं भारतात विलीन व्हा हा दिवस पाळला. १५ ऑगस्टला स्वामीजींनी हैदराबादच्या सुलतान बाजारात तिरंगा फडकवला आणि त्यांना अटक झाली. देश मिठाई वाटत होता तेव्हा आपला नेता गजाआड होता.

पण अटक होणार हे त्यांना माहीत होतं. म्हणून आधीच एक कृती समिती नेमून ठेवलेली होती. दिगंबरराव बिंदू अध्यक्ष, गोविंदभाई श्रॉफ आणि इतर सहकारी सोबत. या समितीनं संस्थानाच्या हद्दीबाहेर राहून लढा चालवायचा. सोलापूर, गदग, बेझवाडा इथून तिन्ही भाषिक भागांचं काम चाललं. निर्णय घ्यायचे पूर्ण अधिकार समितीकडे. तुरुंगातून चिठ्ठी येईल आणि मग करू, असं नाही.

आता जरा इंजिनिअरिंग, बीसीए, एमबीएच्या मंडळींसाठी. कॅम्पस इंटरव्ह्यूत तुम्हाला अजाइल म्हणजे काय असं विचारतात. २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटामध्ये सॉफ्टवेअरवाली १७ माणसं जमली आणि त्यांनी कामाची काही तत्त्वं लिहून काढली. काम लहान टप्प्यांत करा. परिस्थिती बदलली तर योजना बदला. ज्यांच्या हातात काम आहे त्यांच्यावर विश्वास ठेवा आणि निर्णय त्यांना घेऊ द्या. ठरावीक काळानं थांबून काय चुकलं ते बघा. ही तत्त्वं लिहिणाऱ्यांनी उमरखेडचं नाव ऐकलेलं असण्याचा संभव नाही. पण मोठं आणि अनिश्चित काम पार पाडायचं, तर माणसं फिरून फिरून याच वाटेवर येतात.

सरहद्दीवरचे कॅम्प

संस्थानाच्या सीमेला लागून, भारताच्या हद्दीत, कॅम्प उभे राहिले. नांदेडच्या बाजूला पैनगंगेपलीकडं उमरखेड. उस्मानाबादच्या बाजूला बार्शीचा परिसर. तिकडं चांदा, मनमाड. प्रत्येक कॅम्पात त्याच्या समोरच्या मुलखातली पोरं. का? कारण नदीला उतार कुठं आहे, नाक्यावर किती शिपाई असतात, कोणत्या गावात रात्री भाकरी मिळेल, हे सोलापुरात बसलेल्या समितीला कसं कळणार? ते हदगावच्या पोरालाच माहीत.

कामं ठरलेली होती. करोडगिरी नाके, म्हणजे जकात वसुलीची ठाणी, बंद पाडायची. शिंदीची झाडं तोडायची, कारण शिंदीच्या उत्पन्नावर सरकारची तिजोरी भरायची. लेव्हीचं धान्य द्यायचं नाही. काय साधायचं ते समितीनं ठरवलेलं, कधी आणि कसं ते कॅम्पनं ठरवायचं. संस्थानाच्या आतही, उदगीरजवळच्या हत्तीबेटासारख्या ठिकाणी, स्वातंत्र्यसैनिकांनी तळ केले. जालन्याकडच्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या बायाही यात होत्या, घरात बसून नव्हे, प्रत्यक्ष मोहिमांत.

समोर कोण होतं? रझाकार. आणि त्यांचा प्रमुख कासिम रझवी हा लातूरमध्ये वकिली करणारा माणूस. त्याची रझाकार संघटना बघा. एक नेता, त्याची भडक भाषणं, त्याच्या हुकमावर चालणारी फौज. एका माणसाभोवती बांधलेलं सगळं.

चार दिवसांची परीक्षा

नोव्हेंबर १९४७ च्या अखेरीस भारत आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला आणि स्वामीजी सुटले. ते संस्थानाबाहेर आले, राष्ट्रीय नेत्यांना भेटले, कॅम्प बघितले. मनात आणलं असतं तर ते बाहेरच राहू शकले असते. बाहेरून सूत्रं हलवणं सोयीचं होतं, सुरक्षित होतं. ते परत हैदराबादला गेले. पकडले जाऊ हे माहीत असून गेले. २६ जानेवारी १९४८ ला त्यांना पुन्हा अटक झाली. यावेळी सुटका थेट सप्टेंबरात.

आता तारखा नीट बघा. २६ जानेवारीला सर्वोच्च नेता तुरुंगात. ३० जानेवारीला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला मुक्तिसंग्रामातली सगळ्यात मोठ्या मोहिमांपैकी एक पार पडते. मध्ये फक्त चार दिवस.

उमरी तुम्ही रेल्वेतून बघितली असेल, मुदखेडहून निजामाबादकडं जाताना लागते. तिथं हैदराबाद स्टेट बँकेची शाखा होती. सरहद्दीवरच्या कॅम्पांतले स्वातंत्र्यसैनिक आले. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हे. गावात पोलीस, स्टेशनात तारयंत्र, बँकेत तिजोरी. गट पाडून, ज्याची त्याची जबाबदारी वाटून घेऊनच ते होऊ शकत होतं. एक गट चुकला असता तर सगळेच सापडले असते. बँकेतून वीस लाखांहून अधिक रुपये ताब्यात घेऊन ते सरहद्दीपार गेले. १९४८ मधले वीस लाख! आणि त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. यशाचा आनंद करायला त्या पोरांना एक रात्रही मिळाली नाही.

या मोहिमेची एक बाजू मोकळेपणानं बोलली पाहिजे. स्वामीजी गांधीजींना मानणारे. आणि कॅम्पांतून शस्त्रं वापरली जात होती. रझाकार गावं जाळत असताना लोकांनी नुसतं बघत राहावं का, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. लोकांच्या प्रतिकाराला त्यांनी अडवलं नाही. हे त्यांना सोपं गेलं नसणार. टीमला निर्णयाचा अधिकार दिला की ती कधी कधी असा मार्ग निवडते, जो आपण स्वतः निवडला नसता. अधिकार देणाऱ्याला ते ओझंही उचलावं लागतं.

पैशाचं काय झालं?

तुमच्या गॅदरिंगच्या वर्गणीचा हिशेब शेवटचा कधी मिळाला? हसू नका. गॅदरिंगचे पन्नास हजार सांभाळताना मैत्र्या तुटतात. इथं वीस लाख होते, पावती नव्हती, ऑडिटर नव्हता, विचारणारं कुणी नव्हतं.

तो पैसा कृती समितीकडं जमा झाला आणि कॅम्प चालवण्यावर, लढ्यावर खर्च झाला. हिशेब ठेवला गेला आणि मुक्तीनंतर मांडला गेला. लूट आणि लढा यांतला फरक त्या वहीत होता. टीमला मोकळीक द्यायची तर हिशेब आधी पक्का हवा, नाहीतर मोकळीक चार दिवसांत मनमानी होते.

जिथं शिस्त पोचली नाही

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबादेत शिरलं. १७ सप्टेंबरला संध्याकाळी निजामानं शरणागती पत्करली. १०९ तासांत सगळं आटोपलं. स्वामीजी सुटले. आपला १७ सप्टेंबर तो हाच.

पण गोष्ट इथं संपवली तर ती अर्धी होईल. त्यानंतरच्या दिवसांत उस्मानाबाद, बिदर, गुलबर्गा, नांदेड या जिल्ह्यांत, आपल्या लातूर परिसरातही, निरपराध मुसलमानांवर भयंकर अत्याचार झाले. केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं ते नोंदवून ठेवलंय. मरण पावलेल्यांचा समितीचा अंदाज हजारांत आहे, कमीत कमी २७ हजार.

स्वामीजींची भूमिका पहिल्यापासून स्पष्ट होती. लढा निजामाच्या एकतंत्री राजवटीशी, मुसलमानांशी नाही. १९३८ चा सत्याग्रह थांबवला तो याच कारणानं. आणि ही भूमिका जिवावर उदार होऊन मांडणारे मुसलमानही होते. इमरोज या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाच्या बाजूनं लिहिलं, म्हणून २२ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादेत त्यांचा खून झाला. तरीही हा विचार प्रत्येक गावापर्यंत पोचलेला नव्हता. कसं करायचं हे लोकांवर सोपवता येतं. कशासाठी करायचं हे मात्र पुन्हा पुन्हा, शेवटच्या माणसापर्यंत, सांगत राहावं लागतं. ते कमी पडलं तिथं मुक्तीला डाग लागला.

जिंकल्यानंतर

जिंकल्यावर टीम फुटली. हेही लपवायचं कारण नाही. समान शत्रू गेला आणि जुने मतभेद वर आले. काही वर्षांतच गोविंदभाई वेगळ्या वाटेनं गेले. सत्ता आली ती दुसऱ्या गटाकडं, बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. ज्यानं लढा उभा केला तो संन्यासी मंत्री झाला नाही.

१९५२ मध्ये ते गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून लोकसभेवर निवडून गेले. पण या काळातली त्यांची मोठी गोष्ट वेगळीच. ज्या हैदराबाद राज्याच्या राजकारणात त्यांचं वजन होतं, तेच राज्य मोडा असा आग्रह त्यांनी धरला. तेलुगू भाग तेलुगू लोकांकडं, कानडी भाग कानडी लोकांकडं आणि मराठवाडा मराठी राज्याकडं जाऊ द्या. १ नोव्हेंबर १९५६ ला ते राज्य मोडलं. स्वतःच्या नेतृत्वाचं क्षेत्र स्वतःहून लहान करून घेणारे पुढारी तुम्ही किती बघितलेत?

बाकी वेळ शिक्षण, खादी, भूदान यांत गेला. नांदेडचं पीपल्स कॉलेज १९५० मध्ये निघालं, त्यामागं स्वामीजी आणि त्यांचे सहकारी होते. पुढं नरहर कुरुंदकर याच कॉलेजचे प्राचार्य झाले. म्हणजे मुक्तीनंतर दोन वर्षांतच ते पुन्हा तिथंच आले, जिथून सुरुवात केली होती. शाळेत, माणसं घडवण्यात.

२२ जानेवारी १९७२ ला हैदराबादेत त्यांचं निधन झालं. १९९४ मध्ये १७ सप्टेंबरलाच नांदेडचं विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याला त्यांचं नाव मिळालं.

तुमच्या ग्रुपसाठी

आता परत तुमच्या प्रोजेक्टकडं येऊ. तुम्ही ग्रुप लीडर असाल तर एक परीक्षा घेऊन बघा. चार दिवस ग्रुपवर काहीच बोलू नका. फोन बंद ठेवून आजीकडं जा म्हणा ना! परत आल्यावर काम तिथंच अडकलेलं दिसलं, तर चूक चौघांची कमी आणि तुमची जास्त आहे. तुम्ही कामं वाटली, पण निर्णय स्वतःकडं ठेवले.

मग काय करायचं? प्रोजेक्ट कशासाठी आहे हे पाचही जणांना एका वाक्यात सांगता येतं का, ते आधी बघा. ज्याला जे ठाऊक आहे, त्या कामाचे निर्णय त्याला घेऊ द्या. मुलाखती घ्यायला खेड्यात जायचं असेल, तर त्या गावचा जो आहे तो ठरवेल. तुम्ही नसाल तेव्हा कोण, हे आजच ठरवा, अडचण आल्यावर नाही. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं बसा आणि काय चुकलं ते बोला, कुणाचं चुकलं ते नको. पैसा असेल तर वही ठेवा. आणि तुमच्या विरोधात मत देणाराही ग्रुपमध्ये राहू द्या, स्वामीजींच्या टीममध्ये तसे निम्मे होते.

तुम्ही लीडर नसाल, बाकीच्या चौघांपैकी असाल, तर तुमच्यासाठी उमरखेडची पोरं आहेत. त्यांच्याकडं बहाणा तयार होता. स्वामीजी तुरुंगात आहेत, ते सुटले की बघू. कुणी नाव ठेवलं नसतं. पण ती थांबली नाहीत.

जाता जाता एक सांगतो. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आजही तिरंगा तयार करते. त्या झेंड्याचं कापड उदगीरच्या केंद्रात विणलं जातं. ज्या मुलखात १९४७ ला तिरंगा फडकवला म्हणून अटक होत होती, त्याच मुलखातून आज तो देशात ठिकठिकाणी जातो. कुणी सूत काततं, कुणी विणतं, कुणी चक्र छापतं, कुणी शिवतं. येत्या १७ सप्टेंबरला झेंडा वर जाताना, फोटोला हार घातला जाताना, तुमच्या मार्कशीटवरचं ते नाव एकदा आखूड न करता पूर्ण म्हणून बघा.